घरच्या गॅरेजात १९६७ ची जीटीओ: पत्र्यापासून पहिल्या स्टार्टपर्यंत

जुनी मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदीच्या इंजिनाची अमेरिकन गाडी, घरी नीट करायची तर पहिला नियम हा: गाडी एकदम पूर्ण खोलायची नाही. एक भाग उघडा, तो पुरता करा, जागेवर बसवा, आणि मगच पुढच्याला हात लावा. इथे मिशिगनमध्ये अर्धवट पडलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात. जवळजवळ सगळ्यांची गोष्ट सारखीच. मालकाने उत्साहाच्या भरात सगळी गाडी सुटी केली, भाग खोक्यांत भरले, मग नोकरी बदलली, मूल झालं, खोकी तळघरात गेली आणि कुठला नट कुठला हे कोणालाच आठवेना. शेवटी ती गाडी खोक्यांसकट मातीमोल भावात जाते. चाकांवर उभी असलेली, ढकलता येणारी आणि ब्रेक लागणारी गाडी मात्र सहसा पूर्ण होते.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडिलांचं उद्यमनगरात सिलिंडर बोरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम होतं, त्यामुळे मायक्रोमीटर हातात धरायला शाळेत असतानाच शिकलो. नोकरीने डेट्रॉइटच्या उत्तरेला आणून टाकलं. माझी गाडी १९६७ ची पॉन्टिॲक जीटीओ: हार्डटॉप (दोन खिडक्यांमध्ये खांब नसलेली), ४०० क्यूबिक इंचाचं व्ही-८ इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स, रंग लिंडन ग्रीन. ती जिथे बनली ते पॉन्टिॲक गाव माझ्या घरापासून फार लांब नाही. खालचे आकडे याच गाडीचे आहेत. तुमची मसल कार दुसरी, म्हणजे शेव्हेल असो की कटलास, पद्धत हीच, पण आकडे त्या त्या वर्षाच्या फॅक्टरी सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. ते मॅन्युअल हे तुमचं पहिलं हत्यार, पान्यांच्या सेटच्याही आधी विकत घ्यायचं.

घेताना काय बघायचं

जीटीओची सुरुवात १९६४ च्या मॉडेलपासून झाली. जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या पॉन्टिॲकच्या इंजिनिअरांनी ३८९ क्यूबिक इंचाचं मोठं इंजिन मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये बसवलं. जनरल मोटर्सने तेव्हा या आकाराच्या गाड्यांवर ३३० क्यूबिक इंचाची मर्यादा घातली होती, म्हणून त्यांनी ते वेगळं मॉडेल न म्हणता ‘ऑप्शन’ म्हणून विकलं. याचा परिणाम आजही घेणाऱ्याला भोगावा लागतो. १९६४ आणि १९६५ च्या गाडीच्या ओळख नंबरावरून (व्हीआयएन) ती खरी जीटीओ आहे की नंतर बिल्ले लावलेली लमान्स (टेम्पेस्टचाच एक प्रकार), हे कळत नाही. १९६६ ते १९७१ च्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो. १९६७ ला नंबराची पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते. तिथे २४२१७ नंतर ७ आणि मग पी दिसला, तर ती जीटीओ हार्डटॉप, १९६७ ची, पॉन्टिॲक कारखान्यातली. इंजिन ब्लॉकच्या समोर उजव्या अंगाला, हेडच्या खाली दोन अक्षरं ठोकलेली असतात. डब्ल्यूटी म्हणजे मॅन्युअल गिअरचं ३३५ अश्वशक्तीचं, वायएस म्हणजे तेच पण ऑटोमॅटिकसाठी. हेडच्या मधल्या एक्झॉस्ट पोर्टवर ६७० हा आकडा ओतीव असतो. पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे नंबर पाठवला की गाडीच्या मूळ बिलाची प्रत मिळते. पैसे देण्याआधी ती मागवा.

त्या वर्षी ८१,७२२ जीटीओ बनल्या, म्हणजे गाडी दुर्मीळ नाही. म्हणून इंजिनाच्या आवाजावर भाळू नका, पत्रा बघा. इंजिन कुठलंही मशीनशॉप नीट करून देतं. सडलेला पत्रा मात्र तुमच्या वर्षांची वर्षं खातो, आणि मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ पडतं.

चुंबक आणि टोकदार स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा. चुंबकाला पातळ कापडाची चिंधी बांधा, रंगावर ओरखडा नको. जिथे चुंबक ढिला लागतो तिथे खाली पुट्टी आहे. मागच्या काचेचे खालचे दोन कोपरे आधी बघा. काचेच्या पट्टीखाली पाणी साचतं, तिथून ते डिकीत उतरतं आणि डिकीचा तळ सडतो. डिकीतलं मॅटिंग उचला, स्टेपनी बाहेर काढा, आत टॉर्च मारा. १९६७ ला दाराखाली एक रुंद चमकदार पट्टी येते. ती देखणी आहे, पण तिच्यामागे चिखल आणि मीठ दडून बसतं. मालक परवानगी देत असेल तर पट्टीचं एक टोक सोडवून मागे बघा. मग गाडीखाली झोपा आणि मागच्या ॲक्सलवरची चेसिसची कमान स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. तिथे टोक आत गेलं तर ती गाडी सोडून द्या, किंमत कितीही कमी असो.

गॅरेज

दोन गाड्यांचं गॅरेज पुरतं. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला टेबल, व्हाइस आणि काँप्रेसर. जॅक फक्त उचलायला असतो. खाली शिरायचं तर जॅक स्टँड, तेही काँक्रीटवर, चेसिसखाली, आणि शिरण्याआधी गाडी हलवून बघायची. हिवाळ्यात गॅरेज गरम ठेवायला गॅसचा हीटर असेल तर पेट्रोलचं कुठलंही काम चालू असताना तो बंद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत पायलटच्या ज्योतीपर्यंत पोचते. अग्निशामक दाराजवळ टांगा, गाडीमागच्या भिंतीवर नको.

सुटे भाग ठेवायची शिस्त अशी: बोल्ट काढला की भाग उचलल्यावर तो पुन्हा त्याच भोकात हाताने दोन आटे फिरवून ठेवायचा. जे असं ठेवता येत नाहीत ते झिप पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव आणि तारीख. फोटो आमची मुलगी काढायची. काढण्याआधी एक, काढताना एक आणि भोकासकट एक, असे प्रत्येक भागाचे तीन. दाराच्या बिजागऱ्या काढण्याआधी त्यांच्या कडेने टोकदार सुईने रेघ ओढून ठेवा, म्हणजे दार परत त्याच जागी बसतं.

आधी ब्रेक

बहुतेक लोक इंजिनापासून सुरुवात करतात. मी ब्रेकपासून करतो, कारण गाडी पुढची काही वर्षं आत-बाहेर ढकलायची आहे आणि आपला ड्राइव्ह-वे उतरता आहे. या गाडीला चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम येतात. पुढचे डिस्क ब्रेक १९६७ ला ऑप्शन म्हणून मिळायचे. त्याच वर्षी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरीवर गाडी थांबते. १९६६ किंवा आधीची गाडी असेल तर हा बदल सर्वात आधी करा.

जुन्या लायनरची धूळ काँप्रेसरच्या हवेने उडवू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम ओला करा, पुसा, फडकं पिशवीत बंद करून टाका. स्टीलच्या जुन्या लाइन पूर्ण बदला. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी हाताने वाकते आणि गंजत नाही. टोकाला डबल फ्लेअरच हवा, म्हणजे नळीचं फाकवलेलं टोक दुहेरी दुमडलेलं, सिंगल नको. रबरी होज तीन: पुढे दोन, मागच्या ॲक्सलवर एक. हवा काढताना मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं, या क्रमाने जा.

पत्रा

चेसिसवरून बॉडी उचलण्याचा मोह होतो. घरच्या कामात मी त्याच्या विरुद्ध आहे. हार्डटॉपला मधला खांब नसतो, त्यामुळे बॉडी चेसिसवरून सुटली की दारांच्या मापात फरक पडायला वेळ लागत नाही. चेसिस धड असेल तर बॉडी तिच्यावरच राहू द्या. बॉडी आणि चेसिस यांच्यामधले रबर बदलायचे असतील तर एका बाजूचे बोल्ट सैल करा, लाकडी फळी मध्ये ठेवून जॅकने थोडीशी उचला, रबर बदला, मग दुसरी बाजू. आणि हे वेल्डिंगच्या आधी, कारण दबलेल्या रबरांवर बसलेली बॉडी वाकडीच वेल्ड होते.

जमिनीचा पत्रा कापताना फक्त सडलेलाच भाग काढा. पूर्ण फ्लोअर पॅन तयार मिळतो म्हणून पूर्ण बदलायचा, हा विचार मला पटत नाही. मूळ पत्रा जितका राहील तितकी दारं आणि सीट जागेवर राहतात. जिथे कारखान्याचे स्पॉट वेल्ड आहेत तिथे स्पॉट-वेल्ड कटरने वरचाच थर कापा. नव्या पत्र्याला पाच सोळांश इंचाची भोकं पाडून त्यातून प्लग वेल्ड करा. दिसायला कारखान्यासारखंच येतं.

मिग वेल्डरला ०.०२३ इंचाची तार, तीन भाग आर्गॉन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइडचा गॅस. सलग रेघ ओढायची नाही. एक ठिपका इथे, दुसरा चार इंच पलीकडे, तिसरा मध्ये. हात लावून पत्रा कोमट वाटेपर्यंत थांबा. घाई केली की मोठा सपाट पत्रा ताणला जातो आणि त्यात लाट येते, ती लपवायला पुट्टी लागते आणि पुट्टी काही वर्षांनी तडकते. वेल्डिंगपूर्वी पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. त्याच्या वाफेवर वेल्डिंगची उष्णता पडली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, बाटली गॅरेजबाहेर ठेवा.

आमचे शेजारी आजोबा फिशर बॉडीतून, म्हणजे जनरल मोटर्सच्या बॉडी बनवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले. छप्पर आणि मागचा पॅनेल जिथे जुळतो तो सांधा त्यांनी मला बोट फिरवून दाखवला. तिथे कारखान्याने शिसं भरलेलं असतं. तो भाग सँडब्लास्ट करू नका, कोरडा घासू नका. शिशाची धूळ फुफ्फुसात आणि कपड्यांवरून घरात जाते. सांधा तडकलेला नसेल तर त्याला हातच लावू नका.

छोटे गंजलेले भाग, म्हणजे ब्रॅकेट, बिजागऱ्या, सीटचे रूळ, मी वीज लावून साफ करतो. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, साध्या लोखंडाची सळई चार्जरच्या धन टोकाला, भाग ऋण टोकाला. रात्रभरात गंज सुटतो आणि धातू झिजत नाही. स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नका, त्यातून घातक क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवा.

इंजिन

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी ‘एकदा सुरू होते का बघू’ म्हणून स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं ऑइल आणि ॲसिटोन सम प्रमाणात ओता, काही दिवस राहू द्या, मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांडा लावून हाताने हळू फिरवा. फिरलं की डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढा आणि क्रँक पुढे-मागे हलवत रोटरकडे बघा. क्रँक हलतो आणि रोटर जागेवरच राहतो, असं बऱ्याच अंशांपर्यंत झालं तर टायमिंग चेन सैल आहे.

पॉन्टिॲकच्या या इंजिनात चेनचं मूळ कॅम गिअर ॲल्युमिनियमचं असतं आणि त्यावर नायलॉनचे दात, आवाज कमी व्हावा म्हणून. पुढचं कव्हर काढलं तेव्हा माझ्या गाडीतले दात तपकिरी पडले होते आणि नखाने दाबले तरी तुकडा निघत होता. मग ऑइल चेंबर खोलला. पंपाच्या जाळीत तेच तुकडे अडकले होते, भाजलेल्या शेंगदाण्यांच्या फोलपटांसारखे. जाळी अशी तुंबली की मीटरवर ऑइल प्रेशर हळूहळू पडतं, आणि मालक समजतो पंप गेला. जुनं पॉन्टिॲक घेतलंत तर हे गिअर बदलेपर्यंत गाडी हायवेला नेऊ नका. स्टीलचं गिअर आणि नवी चेन हे स्वस्त काम आहे. इंजिन गाडीत ठेवून चेंबर काढणं मात्र जिकिरीचं, तेव्हा इंजिन बाहेर असतानाच ते उरका.

क्रँक बाहेर आला की मापं स्वतः घ्या. जर्नल म्हणजे क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग; ४०० च्या इंजिनात मेन जर्नल ३ इंचाचे, कनेक्टिंग रॉडचे सव्वादोन इंचाचे. प्रत्येक जर्नल चार ठिकाणी मोजायचा, दोन दिशांना, दोन टोकांना, म्हणजे तो लंबगोल आहे की निमुळता हे कळतं. वडील म्हणायचे, ग्राइंडिंगवाल्याकडे जाताना आपलं माप लिहून न्यायचं, त्याचं ऐकायला जायचं नाही. ग्राइंड करावा लागला तर ०.०१० इंचाचा कट आणि त्या मापाचे बेअरिंग. क्लिअरन्स, म्हणजे जर्नल आणि बेअरिंगमधली फट, प्लास्टिगेजने (दाबली जाऊन फट दाखवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या दोऱ्याने) बघा, मेनला साधारण अडीच हजारांश इंच बरं. मूळ रॉड ओतीव आहेत. इंजिन पूर्ण खोललंच आहे तर फोर्ज केलेले घ्या. या इंजिनात पैसे वाचवायची जागा ती नव्हे.

मागचा मेन सील दोरीचा असतो. दोरी खाचेत गुळगुळीत गोल दांड्याने मधून दोन्ही टोकांकडे ठोकत बसवायची आणि टोकं नव्या ब्लेडने सपाट कापायची. एक धागाही कॅपखाली राहिला तर कॅप पूर्ण बसत नाही आणि क्लिअरन्सचं सगळं माप खोटं ठरतं. टॉर्क पान्याने मेनचे बोल्ट १०० फूट-पाउंडला आवळायचे, पण सर्वात मागच्या कॅपचे १२०. रॉडचे मूळ बोल्ट ४३. हेडचे ९५, तीन टप्प्यांत, मधून बाहेर. रॉकरचे मूळ स्टड असतील तर नट २० ला आवळायचे, त्यांना टॅपेट सेटिंग नसतं.

कॉम्प्रेशनचा विचार बोरिंगला देण्याआधीच करा. फॅक्टरीने १०.७५ ला १ हे प्रमाण लिहिलंय, ते त्या काळच्या शिशाच्या पेट्रोलवर. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ पासून पूर्ण बंद आहे. आजच्या पंपावरच्या प्रीमियमवर लोखंडी हेड ठेवून चालवायची तर साडेनऊच्या आत आणा; खोलगट डोक्याचे पिस्टन घेतले की मूळ ६७० चे हेड ठेवता येतात. हेड मशीनशॉपला गेलेच आहेत तर एक्झॉस्टला कठीण व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या.

पेट्रोलची टाकी उतरवून आतून बघा. गंजलेली असेल तर नवी घ्या, जुनीला वेल्डिंग नको, रिकाम्या टाकीतही वाफ असते. रबरी नळ्या एसएई जे३०आर९ छापलेल्याच. साध्या जुन्या नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने आतून गळतात. वायरिंगबद्दल एवढंच सांगतो की निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. इंजिन ते बॉडीची पट्टी नवी लावा, तिच्या खालचा रंग खरवडून धातू उघडा करा.

रंग

एपॉक्सी प्रायमर, पुट्टी, लांब ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून घासणं, हे सगळं घरी होतं आणि रंगाचं खरं काम हेच आहे. शेवटचा रंग आणि क्लिअर मी बाहेर मारून घेतला. हार्डनर घातलेल्या या रंगांत आयसोसायनेट असतं, त्याला काडतुसाचा मास्क पुरेसा नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि भिंतीपलीकडे आपली मुलं झोपलेली असतात.

पहिला स्टार्ट

डिस्ट्रिब्यूटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, रॉकरपर्यंत ऑइल येईपर्यंत. पॉन्टिॲकचा डिस्ट्रिब्यूटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, तेव्हा ड्रिल उलट फिरवायचं. शेवीवाले (शेव्हर्ले गाड्यांचे) मित्र सुलट सांगतील. कार्ब्युरेटरची वाटी पेट्रोलने आधीच भरून ठेवा. कॅम नवा असेल तर झिंक जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइल घाला, आणि इंजिन लागताच दोन हजार आरपीएमवर वीस मिनिटं धरा, आरपीएम थोडे कमी-जास्त करत. या वीस मिनिटांत आयडलवर सोडलं तर कॅमचे लोब (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) घासून जातात. म्हणून गळती बघायला खाली एक माणूस आणि थ्रॉटलवर एक माणूस हवाच. गॅरेजचं दार पूर्ण वर. झाल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि फिल्टर कापून आतला कागद उजेडात बघा. पाचशे मैलांनी पुन्हा ऑइल बदला.

मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते. तिच्यावर क्लब, प्रदर्शन, परेड आणि गाडीच्या चाचणीसाठी चालवता येतं, आणि ऑगस्ट महिन्यात त्याहून मोकळीक आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी, असतो. तिथे ऊन असतं आणि गाड्या तासन् तास मुंगीच्या पावलांनी सरकतात, त्यामुळे नव्या इंजिनाची खरी परीक्षा रेडिएटरची होते. पंख्याभोवतीचं आवरण बसवलेलं हवं. आणि वॉटर पंपामागे पत्र्याची एक विभाजक प्लेट असते, तीही तपासा. पंपाचा पंखा आणि ती प्लेट यांच्यात मोठी फट राहिली तर पाणी जागेवरच घुसळतं, इंजिनात जात नाही, आणि लोक उगाच मोठा रेडिएटर घेतात. पंपाच्या पात्यांवर मातीच्या लगद्याच्या छोट्या गोळ्या चिकटवा, पंप एकदा बसवून काढा, दाबल्या गेलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. जास्त भरली तर प्लेट हलकेच ठोकून पुढे आणा, पंखा घासणार नाही इतकीच, आणि मगच नव्या गॅस्केटवर पंप कायमचा आवळा.